ज्या रात्री ऑप्रीला नाव मिळालं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या कंट्री संगीताची गोष्ट कुठूनही सुरू करता येईल. मी ती १० डिसेंबर १९२७ च्या शनिवारी रात्रीपासून सुरू करणार आहे, कारण ती रात्र रेडिओवरचीच आहे.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीचं डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र होतं. दर शनिवारी रात्री तिथे खेड्यापाड्यांतले फिडलवाले, बँजोवाले येऊन वाजवत. त्या रात्री आधीचा तास पाश्चात्त्य अभिजात संगीताचा होता. वॉल्टर डॅमरॉश हे मोठे संगीतसंचालक तो सादर करत होते. केंद्राचे निवेदक होते जॉर्ज हे (‘हे’ हे त्यांचं आडनाव). त्यांच्या आठवणीप्रमाणे, डॅमरॉश म्हणाले की अभिजात संगीतात वास्तवाची नक्कल बसत नाही, तरी अपवाद म्हणून एक रचना ऐकवतो. ती रचना होती धावत्या रेल्वे इंजिनाची.

डॅमरॉश यांचा तास संपला आणि जॉर्ज हे यांनी सांगितलं, आता पुढचे तीन तास फक्त वास्तव! मग त्यांनी माइकपुढे उभं केलं डिफोर्ड बेलीला. उंची पाच फुटांच्या आत, हातात माउथ ऑर्गन. त्याने ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ वाजवलं. पॅन अमेरिकन ही त्या भागातून जाणारी खरीखुरी प्रवासी गाडी. बेलीचं वाजवणं थांबल्यावर जॉर्ज हे म्हणाले, इतका वेळ आपण ग्रँड ऑपेरा ऐकत होतो, यापुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’! ऑप्री म्हणजे गावाकडच्या बोलीतला ऑपेरा. हे नाव कायमचं चिकटलं. कार्यक्रम आजही चालू आहे.

माउथ ऑर्गनमधून आगगाडी कशी काढायची? श्वास आत-बाहेर करत डब्यांचा ठेका धरायचा, तळहातांची ओंजळ उघडमीट करत शिटी घुमवायची, आणि हे सगळं एकाच वेळी. बेलीने हे कोणा उस्तादाकडून घेतलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी त्याला पोलिओ झाला. अंथरुणाला खिळलेल्या पोराच्या हाती घरच्यांनी माउथ ऑर्गन दिला. पुढे शाळेच्या वाटेवर तो रेल्वेच्या पुलाखाली थांबून वरून जाणारी गाडी कान देऊन ऐके आणि ती वाजवून बघे. त्याचे आजोबा फिडल वाजवत. घरातल्या त्या संगीताला तो ‘ब्लॅक हिलबिली’ संगीत म्हणायचा. हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. डोंगराळ भागातलं हे संगीत फक्त गोऱ्यांचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते ऐकावेत.

१९२८ मध्ये ५२ आठवड्यांपैकी ४९ आठवडे तो ऑप्रीवर वाजला. इतक्या वेळा दुसरं कोणीच नाही. तो काळा आहे हे कितीतरी श्रोत्यांना ठाऊकही नव्हतं. दौऱ्यावर मात्र ते लपत नसे. रॉय एकफसारख्या नव्या कलावंतांसोबत त्याला पाठवत, कारण गर्दी त्याच्या नावावर जमायची. आणि रात्री ज्या हॉटेलात बाकीचे उतरत, तिथे त्याला खोली मिळत नसे.

१९४१ साली गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रं आणि हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात भांडण पेटलं. बेलीच्या सर्वांत गाजलेल्या चिजा त्यात अडकल्या. श्रोत्यांना हव्या असलेल्या त्या चिजा वाजवायला बंदी आणि नव्या शिकत नाही म्हणून कामावरून कमी! पुढे जॉर्ज हे यांनी एका पुस्तिकेत त्याला आळशी ठरवलं, तेही त्याच्या वंशाचा उल्लेख करून. ज्या माणसाच्या वाजवण्यावर कार्यक्रमाला नाव मिळालं त्याच्याबद्दल असं लिहावं, याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर बेलीने नॅशव्हिलमध्येच बुटपॉलिशचं दुकान चालवून घर सांभाळलं. १४ डिसेंबर १९७४ रोजी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, तो पुन्हा ऑप्रीच्या मंचावर वाजला. १९८२ मध्ये तो गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती २००५ साली.

त्याची १९२७ ची तबकडी आजही ऐकायला मिळते. जरूर ऐका, आणि दिवे मालवून ऐका. गाडी लांबून येते, वेग घेते, शिटी देते, आणि मग एका माणसाच्या श्वासाबरोबर हळूहळू दूर जाते.