दुष्काळात घराचा पाया जपताना

श्रोतेहो, नमस्कार.

दुष्काळ पडला की आपण आधी माणसांच्या पाण्याची सोय बघतो, मग जनावरांच्या चाऱ्याची, मग उभ्या पिकाची. क्रम हाच बरोबर आहे. पण मराठवाड्यात, सोलापूरकडे, विदर्भात ज्यांची घरं काळ्या मातीवर उभी आहेत, त्यांच्या पायाखालीही त्याच दिवसांत मोठी हालचाल चालू असते. आज तिच्याबद्दल बोलतो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. बेसॉल्टचा खडक झिजून ही माती झाली, आणि तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा हा गुण. एप्रिल-मे महिन्यात रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात, त्या तुमच्या ओळखीच्या आहेत. तशाच भेगा घराच्या कडेनंही पडतात. घराच्या मधोमध, फरशीखाली, माती झाकलेली असल्यानं तिथली ओल टिकून राहते. कडेची माती मात्र उन्हानं आटते, त्यातही दक्षिणेची आणि पश्चिमेची आधी. मग कोपरा खचतो, मधला भाग जागेवरच राहतो आणि या ओढाताणीत भिंत तडकते. घराला खरा त्रास होतो तो एकीकडे ओल आणि दुसरीकडे कोरड असल्यामुळे. आपल्याला जे करायचं आहे ते सगळं हा फरक कमी करण्यासाठी.

आपल्या वाडवडिलांनी वस्ती पांढरीवर केली आणि काळी पिकासाठी राखली. आता गावठाण पुरत नाही, प्लॉट पडतात ते काळ्या रानात. म्हणून ही तक्रार वाढली आहे.

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर आपल्याकडे भिंतीला तडा दिसला की काळजात धस्स होतं. तेव्हा आधी तडा नीट बघा. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर चिंता नको. पण खिडकीच्या कोपऱ्यातून निघून, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका चढलेला आणि वर जास्त रुंद झालेला तडा दिसला, तर त्या बाजूचा कोपरा खाली बसतोय असं समजा. जोडीला दार चौकटीत अडकायला लागतं. तडा जिथे संपतो तिथे पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर पंधरवड्यानं बघत जा. रेघ ओलांडून तडा पुढे गेला, किंवा त्यात करंगळी शिरू लागली, तर इंजिनिअरला बोलवायला उशीर करू नका. दगड-मातीच्या भिंतीला पोट आलं असेल, तर त्या खोलीत कुणालाही झोपू देऊ नका.

आता पाण्याचं. अमेरिकेत टेक्सासमध्येही अशी फुगणारी माती आहे. तिथे उन्हाळ्यात लोक घराभोवती झिरपणारी नळी अंथरतात. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पिण्याचं पाणी पायाला घाला असं मी सांगणार नाही. पण मोरीचं सांडपाणी रोज निघतंच. ते एकाच कोपऱ्यात सोडलं जातं, तिथली माती फुगलेली आणि बाकीच्या तीन बाजू कोरड्या ठणठणीत. घराला याहून वाईट काही नाही. ते पाणी कापडातून गाळून, शेतातल्या जुन्या नळीला भोकं पाडून, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर चारी बाजूंना थोडं थोडं झिरपू द्या. सुरुवात फेब्रुवारीत करा, भेगा पडायच्या आधी. मोठ्या भेगा पडल्यावर त्यांत बादल्या ओतू नका. ते पाणी सरळ पायाच्या तळाशी जातं आणि तेवढीच जागा फुगवतं. भेगेत तीच माती बारीक करून सैलसर भरा, ठोकून बसवू नका. शोषखड्डाही भिंतीला लागून नको, जागा असेल तितका लांब घ्या.

पाण्याइतकाच, मी तर म्हणेन पाण्याहून जास्त, उपयोग झाकण्याचा होतो. घराभोवती चार-पाच फूट रुंदीची काळी माती फूटभर काढा. खाली शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचे उरलेले तुकडे एकावर एक चढवून अंथरा, वर मुरूम टाकून धुमसा, आणि उतार घरापासून बाहेर द्या. जमलं तर वरून फरसबंदी करा. उन्हाळ्यात आतली ओल उडत नाही आणि पहिल्या वळवाचं पाणी पायाशी मुरत नाही. पत्र्याच्या पागोळ्या थेट जोत्यापाशी पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणी लांब न्या. कोरड्या वर्षानंतरचा पहिला जोराचा पाऊस पायाला दुष्काळाइतकाच जड जातो.

झाडाबद्दल थोडंसं. वड, पिंपळ, निलगिरी घराला खेटून लावू नका. झाड जेवढं उंच होणार, साधारण तेवढं अंतर ठेवा. जुनं मोठं झाड मात्र घाईनं तोडू नका. मुळांनी पाणी ओढणं थांबलं की तिथली माती पुन्हा फुगते आणि घर उलट्या बाजूनं हलतं.

मे महिन्यात तडे सिमेंटनं भरून घेऊ नका. पावसाळ्यात माती फुगली की कोपरा वर येतो, आणि भरलेला तडा शेजारी नवा तडा पाडतो. दिवाळीनंतर हालचाल थांबली आहे याची खात्री करून मगच गवंड्याला बोलवा.

जे नवं घर बांधणार आहेत, त्यांनी काळ्या मातीचा थर किती खोल आहे हे खड्डा घेऊन आधी बघावं. थर उथळ असेल तर पाया खालच्या घट्ट मुरमावर न्यावा. खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखे फुगीर असलेले खांब घेता येतात. इंजिनिअर त्यांना अंडररीम पाईल म्हणतात. खोल काळ्या मातीत हे खांब जमिनीखाली किमान साडेतीन मीटर जावे लागतात, कारण त्याच्या वरची माती दर ऋतूत हलत राहते. खर्च वाढतो, पण तो घर बांधतानाच करता येतो.

नमस्कार.