ड्रम फिरतो, कपडे मात्र गार

कपडे वाळवायच्या ड्रायरचा ड्रम फिरतोय. शर्टाचं बटण पत्र्यावर टकटक आपटतंय. आवाज रोजचाच. पण तासाभराने दार उघडलं तर आतले कपडे ओले ते ओलेच, आणि हाताला गार.

ड्रम फिरतोय म्हणजे मशीन ठीक आहे, असं आपण धरून चालतो. पण ड्रम आणि पंखा फिरवते ती मोटर. हवा तापवायचं काम वेगळ्याच भागाकडे असतं, हीटिंग एलिमेंटकडे, म्हणजे विजेवर तापणाऱ्या तारेच्या कॉइलकडे. तो गेला तरी मोटरला त्याचा पत्ता नसतो. (गॅसवर चालणाऱ्या किंवा हीट पंपाच्या ड्रायरचा मामला निराळा, तो आज बाजूला ठेवू.)

सुरुवात प्लग काढण्यापासून. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीनची जोडणी थेट असेल तर ब्रेकर पाडायचा. मशीन आत्ताच चालून थांबलं असेल तर ते निवूही द्यायचं. हातमोजे घाला, कारण आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. बहुतेक मशीनमध्ये मागचा पत्रा काढला की एलिमेंटची पेटी दिसते, काहींत पुढून खालच्या बाजूने शिरावं लागतं. आणि वायरींना हात लावण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. खरं सांगायचं तर या कामात सगळ्यात जास्त वेळ कॉइल बदलण्यात जात नाही. उरलेले दोन स्क्रू कुठले, हे आठवण्यात जातो.

ही बघा कॉइल. स्प्रिंगसारखी वळलेली तार, चिनी मातीच्या छोट्या मण्यांवर टांगलेली. तार निक्रोमची, साधारण 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श यांना या मिश्रधातूचं पेटंट 1906 मध्ये अमेरिकेत मिळालं, आणि टोस्टरपासून हेअर ड्रायरपर्यंत ही तार घरोघर पोहोचली. लालबुंद तापली तरी ती हवेत चटकन जळून जात नाही, कारण तिच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला जपतो.

आता कॅमेरा जवळ आणू. इथे, तिसऱ्या मण्यापाशी. तार तुटली आहे. दोन्ही टोकं बारीक झालीत, एकावर वितळून गोळी बनली आहे.

तुटलेलं दर वेळी असं डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून मल्टिमीटर. एलिमेंटच्या वायरी सोडवायच्या, मीटर ओहमवर ठेवायचा आणि त्याच्या दोन पिना एलिमेंटच्या दोन टोकांना लावायच्या. 230 व्होल्टवर 2000 वॉटची कॉइल असेल तर आकडा 26 ओहमच्या आसपास येतो. 240 व्होल्टवर 5400 वॉटची असेल तर 11च्या जवळपास. आकडाच येत नाही? मग तार तुटलेली. दुसरी तपासणी बरेच जण विसरतात: मीटरची एक पिन कॉइलच्या टोकाला, दुसरी पेटीच्या पत्र्याला. इथे काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर तार सैल पडून पत्र्याला टेकली आहे. मग ती सलग असली तरी बाद.

आणि कॉइल धडधाकट निघाली तर? मग तिच्या आसपासचा थर्मल फ्यूज (फार तापलं की उडून वीज तोडणारा) आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार वीज तोडणारा-जोडणारा) तपासा. फ्यूज उडालेला असेल तर तिथे वायर जोडून काम भागवायचं नाही. मशीन पेटू नये म्हणूनच तो उडाला आहे.

तुटलेल्या टोकांना पीळ देऊन कॉइल पुन्हा चालू करण्याचा मोहही होतो. चालतेही, थोडे दिवस. पण तो सांधा बाकीच्या तारेपेक्षा जास्त तापतो आणि तिथेच पुन्हा तुटतो.

पण मुळात तार तुटली का? फिल्टर काढा. जाळीवर कपड्यांच्या तंतूंचा करडा थर, चक्क नमद्यासारखा सोलून निघतो. जाळी स्वच्छ दिसते? तिच्यावर थोडं पाणी ओता. पाणी वरच तळं करून राहिलं, तर कपडे मऊ करणाऱ्या ड्रायर शीटचा मेणचट पापुद्रा छिद्रांवर बसला आहे. साबण आणि ब्रशने घासायचा. मग दमट हवा बाहेर नेणारा मागचा पाइप. आत हात घातला की बोळेच्या बोळे येतात. वाट अशी तुंबली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, ती भलतीच तापते, थर्मोस्टॅट वीज तोडतो, पुन्हा जोडतो. तार प्रसरते, आकसते, हळूहळू लोंबते. नवी कॉइल टाकून पाइप तसाच ठेवला, तर हाच व्हिडिओ पुन्हा बघावा लागेल.

नवी कॉइल मशीनच्या मॉडेल नंबरवरूनच घ्या, व्होल्ट आणि वॉट जुळलेच पाहिजेत. बसवताना तिचे वेढे ताणू नका. वायरीची जुनी क्लिप काळी पडली असेल तर तीही बदला. सैल क्लिप तापते आणि नव्या कॉइलचं टोक जाळते. घट्ट बसली की बोटांना कळतं.

पत्रा लावा, प्लग जोडा, ड्रम रिकामाच फिरवा. पहिली काही मिनिटं जळकट तेलासारखा वास येईल, तो नव्या तारेचा. आता बाहेर, पाइपच्या तोंडाशी जाऊ. झडप उचलली गेली आहे, आणि तळहाताला गरम वारा लागतोय.