तीन महिन्यांची कैद आणि पुढचे बारा महिने

नमस्कार. आजचा विषय एका आकड्याचा आहे. तो ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाकडून दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि प्रसिद्ध झाला की दोन्ही बाजूंचे लोक तो एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कैद भोगून बाहेर पडलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक माणसे वर्षभराच्या आत पुन्हा गुन्हा करतात, आणि तो गुन्हा शाबीतही होतो. गेल्या दशकभरात हे प्रमाण साधारण ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. त्याच देशात वर्षभर किंवा त्याहून अधिक मुदतीची शिक्षा भोगून सुटलेल्यांमध्ये ते ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश इतकेच भरते.

[पडद्यावर: वर्षाच्या आतली शिक्षा – ५५ ते ६५ टक्के; वर्ष किंवा अधिक – २५ ते ३३ टक्क्यांच्या आसपास]

एक बाजू म्हणते, पाहा, लहान शिक्षेचा धाक बसत नाही, म्हणून शिक्षा वाढवा. दुसरी बाजू म्हणते, पाहा, लहान शिक्षा माणसाला बिघडवते, म्हणून ती बंदच करा. माझ्या मते दोघांनीही या आकड्यावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ओझे टाकले आहे.

आधी हा आकडा मोजतात कसा, ते पाहू. एका ठरावीक काळात सुटलेल्या सगळ्या कैद्यांची एक तुकडी धरली जाते आणि प्रत्येकाचा सुटकेच्या दिवसापासून बारा महिने मागोवा घेतला जातो. या काळात त्याने गुन्हा केला, आणि त्या बारा महिन्यांत किंवा त्यापुढच्या सहा महिन्यांत त्याबद्दल न्यायालयात दोष सिद्ध झाला किंवा पोलिसांकडून औपचारिक ताकीद मिळाली, तर त्याची गणना ‘पुन्हा गुन्हा केलेला’ अशी होते. जो पकडला गेला नाही, तो या मोजणीत नाही. ज्याचा खटला अठरा महिन्यांत निकाली निघाला नाही, तोही नाही. त्यामुळे करोनाच्या काळात न्यायालये ठप्प झाली तेव्हा हे प्रमाण घटलेले दिसले, त्यावरून माणसे सुधारली असे समजण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत अनेकदा दोषसिद्धीऐवजी नुसती अटक मोजतात. तिथल्या ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्या कैद्यांपैकी सुमारे ६८ टक्के तीन वर्षांत आणि ७७ टक्के पाच वर्षांत पुन्हा अटक झाल्याचे सरकारी अभ्यासात आढळले. अटक आणि दोषसिद्धी, एक वर्ष आणि पाच वर्षे यांची सरमिसळ करून देशादेशांच्या क्रमवारीचे जे तक्ते समाजमाध्यमांवर फिरत असतात, ते पाहिले की मला हसावे की रडावे ते कळत नाही.

आता मुख्य प्रश्न. वर्षाच्या आतली शिक्षा झालेली माणसे असतात तरी कोण? बहुतांशी किरकोळ पण वारंवार गुन्हे करणारी. दुकानातून मांसाची पाकिटे, चीज, दारूच्या बाटल्या उचलायच्या, त्या विकायच्या आणि त्या पैशातून त्या दिवसाची नशा भागवायची, हे चक्र ज्यांचे वर्षानुवर्षे चालू आहे, अशी. इंग्लंडमध्ये पहिल्याच चोरीला सहसा कोणी तुरुंगात जात नाही. दंड होतो, समाजसेवेची शिक्षा होते, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची देखरेख होते, आणि हे सगळे निष्फळ ठरल्यावर कंटाळलेला न्यायाधीश काही आठवड्यांची कैद सुनावतो. उलट दहा वर्षांच्या शिक्षेवर गेलेला माणूस कित्येकदा एकाच गंभीर गुन्ह्यासाठी आत गेलेला असतो आणि सुटतो तेव्हा त्याचे वयही वाढलेले असते. ज्याच्या नावावर आधी एकही गुन्हा नाही, अशा गटात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत असते आणि ज्यांच्या नावावर अकरा किंवा अधिक गुन्हे आहेत त्यांच्यात ते निम्म्याच्या जवळ जाते. अतिदक्षता विभागात अधिक रुग्ण दगावतात, म्हणून तो विभागच रोग्यांना मारतो असे आपण म्हणत नाही. इथेही तसेच आहे. ६० टक्क्यांतला मोठा हिस्सा शिक्षेच्या मुदतीने घडवलेला नसून माणसांच्या निवडीतूनच आलेला आहे.

मग मुदतीचा, किंवा कैदेचा, स्वतःचा वाटा किती? हे शोधायचे तर सारख्याला सारखे लावून पाहावे लागते. वय, लिंग, गुन्ह्याचा प्रकार, आधीच्या शिक्षांची संख्या, रोजगार, व्यसन यांत शक्य तितकी जुळणारी दोन माणसे घ्यायची. त्यांपैकी एकाला न्यायालयाने अल्पमुदतीची कैद दिलेली असावी आणि दुसऱ्याला बाहेर राहून भोगायची शिक्षा, म्हणजे समाजसेवेचा आदेश किंवा निलंबित कैद (सुनावलेली, पण अटी पाळल्या तर प्रत्यक्ष भोगावी न लागणारी). अशा हजारो जोड्यांची तुलना ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने केली आहे. २०१५ च्या अहवालात कैद भोगलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांनी जास्त निघाले, २०१९ च्या अहवालात चार टक्क्यांनी. म्हणजे शंभरांत तीन-चार माणसे. ६० च्या आकड्यापुढे हा फरक अगदीच किरकोळ वाटतो, पण त्याची दिशा महत्त्वाची आहे. कैद ही अधिक महाग आणि अधिक कठोर उपाययोजना आहे, आणि तरीही तिचा परिणाम स्वस्त उपायापेक्षा थोडा वाईटच निघाला. पुन्हा होणाऱ्या एकंदर गुन्ह्यांमुळे एका तुकडीमागे समाजाला बसणारा भुर्दंड याच मंत्रालयाने २०१९ मध्ये १८.१ अब्ज पौंड काढला होता, त्यामुळे शंभरांत चार माणसेही हिशोबात धरावीच लागतात.

याच मालिकेतल्या २०१८ च्या एका विश्लेषणातली गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. सर्वसाधारण समज असा, की नवशिक्याला संधी द्यावी आणि सराईताला मात्र आत टाकावे. प्रत्यक्षात आधीचे गुन्हे जितके जास्त, तितका अल्पमुदतीच्या कैदेचा परिणाम अधिक प्रतिकूल दिसला. पन्नासहून अधिक गुन्हे नावावर असलेल्यांमध्ये, कैद दिली असता पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता बाहेरच्या शिक्षेच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने वाढलेली होती. न्यायाधीश ज्यांच्यापुढे हात टेकतात, नेमक्या त्यांनाच हा उपाय सर्वांत कमी लागू पडतो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी सुटकेच्या दिवसाकडे जरा जवळून पाहावे लागेल. समजा, एखाद्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अशा शिक्षेत वर्षानुवर्षे अर्धी मुदत भरली की सुटका होत असे, म्हणजे तीन महिने. तुरुंग ओसंडू लागल्यामुळे सप्टेंबर २०२४ पासून अनेक शिक्षांसाठी ही मर्यादा ४० टक्क्यांवर आणली गेली, म्हणजे जेमतेम अडीच महिने. एवढ्या काळात व्यसनमुक्तीचा उपचार नीट सुरूही होत नाही. साक्षरतेच्या किंवा एखाद्या कौशल्याच्या वर्गात नाव नोंदवून नंबर लागेपर्यंत सुटकेची तारीख येते. पण नोकरी जायला, भाड्याची खोली हातची जायला, सरकारी भत्ता बंद पडायला हा काळ भरपूर होतो.

आणि सुटका व्हायची ती पुष्कळदा शुक्रवारी. इंग्लंडमधल्या एकूण सुटकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश शुक्रवारी होत असत, कारण शनिवार-रविवारी पडणारी तारीख अलीकडे ओढली जाई. दरवाजातून बाहेर पडताना माणसाच्या हातात एका पिशवीत त्याचे कपडे आणि सुटकेचे अनुदान असे. हे अनुदान नव्वदच्या दशकापासून तब्बल २०२१ पर्यंत ४६ पौंडांवर गोठलेले होते, त्या वर्षी ते ७६ पौंड झाले. आता या माणसाला दुपार संपण्याच्या आत परिवीक्षा कार्यालयात हजेरी लावायची, नगरपालिकेच्या गृहनिर्माण खिडकीवर आपण बेघर असल्याचे नोंदवायचे, भत्त्यासाठी नव्याने अर्ज करायचा आणि हेरॉईनची नशा सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या मेथाडोनसारख्या औषधावर असेल तर दवाखाना गाठायचा. ही सगळी ठिकाणे एकाच रस्त्यावर नसतात. एक गाठताना दुसरे बंद झाले, की पुढची दारे थेट सोमवारी उघडणार. भत्त्याचा पहिला हप्ता पडायला साधारण पाच आठवडे लागतात. आधी उचल मिळते, पण ती कर्जाऊ असते आणि पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. त्यातून कैदेत नशेची सवय थोडी कमी झालेली असल्यामुळे पूर्वीचीच मात्रा आता जिवावर बेतू शकते. सुटकेनंतरचे पहिले काही दिवस या माणसांसाठी सर्वांत धोक्याचे असतात ते याच कारणाने.

हे कुणालाच ठाऊक नव्हते असे नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून शुक्रवारी सुटणाऱ्यांना दोन दिवसांपर्यंत आधी सोडण्याची मुभा दिली, ती याच कार्यालयीन वेळांमुळे. नोकरीचे महत्त्वही मोजले गेले आहे. वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटल्यावर ज्यांना रीतसर नोकरी लागली, त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण तशाच पण नोकरी न लागलेल्या माणसांपेक्षा ९.४ टक्क्यांनी कमी होते. वर्षाच्या वरच्या शिक्षा भोगलेल्यांमध्ये हा फरक ५.६ टक्के होता. म्हणजे नोकरीचा आधार लहान शिक्षावाल्यांना अधिक उपयोगी पडतो, आणि आत असताना त्यांच्यासाठी ती शोधून द्यायला सर्वांत कमी वेळ मिळतो.

देखरेख वाढवून हे सुटेल, असे मानून एक मोठा प्रयोग झाला. २०१४ च्या कायद्याने, फेब्रुवारी २०१५ पासून, लहान शिक्षा भोगून सुटणाऱ्यांनाही बाहेर आल्यावर एकूण वर्षभर परिवीक्षेची देखरेख लागू झाली. त्याआधी त्यांना तुरुंगाच्या दारातून जवळजवळ वाऱ्यावरच सोडले जाई. कल्पना चांगली होती. परंतु त्याच सुमारास परिवीक्षेचे बरेचसे काम २१ खासगी कंपन्यांकडे सोपवले गेले, एकेका अधिकाऱ्याकडे माणसांची संख्या वाढली आणि देखरेख म्हणजे काही ठिकाणी फोनवरची हजेरी उरली. हजेरी चुकली की काही दिवसांसाठी परत तुरुंगात, आणि त्या काही दिवसांत पुन्हा राहायची सोय बिघडायची, पुन्हा औषध तुटायचे. परिवीक्षा विभागाच्या मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी २०१९ मध्ये ही रचनाच मुळातून सदोष असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२१ मध्ये हे काम पूर्णपणे सरकारकडे परत आले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती लहान शिक्षांच्या विरोधकांना अडचणीची आहे. नॉर्वेतल्या खटल्यांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणता खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जातो या योगायोगाचा आधार घेऊन कैदेचा परिणाम मोजला. कडक न्यायाधीश लाभला म्हणून आत गेलेले आणि सौम्य न्यायाधीश लाभला म्हणून बाहेर राहिलेले, अशी ती तुलना होती. तिथे कैदेमुळे पाच वर्षांत पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली, आणि त्यातल्या बहुतेकांची कैद वर्षाच्या आतलीच होती. हा फायदा मुख्यतः आत जाण्यापूर्वी बेकार असलेल्यांना झाला, कारण तिथे कैदेत कामाचे प्रशिक्षण मिळाले आणि सुटल्यावर नोकरी लागली. ज्यांना आधीपासून नोकरी होती त्यांनी मात्र ती गमावली आणि त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. तेव्हा लहान कैद म्हणजे वाया गेलेली कैद, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्या काही आठवड्यांत माणसाच्या हाती काय पडते आणि हातून काय जाते, त्यावर सगळे अवलंबून आहे. ब्रिटनच्या गर्दीने फुटणाऱ्या तुरुंगांत हाती फारसे काही पडत नाही.

आपल्याकडचे काय, असे तुम्ही विचाराल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग अहवालात त्या वर्षी दाखल झालेल्या शिक्षाधीन कैद्यांपैकी किती जण पूर्वी शिक्षा भोगलेले होते हे दिलेले असते. ही मोजणी मागे वळून पाहणारी आहे, तर ब्रिटनची पुढे जाणारी, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवणे व्यर्थ आहे. शिवाय आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश कैदी न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले असतात. आपली अल्पमुदतीची कैद बहुधा जामिनाअभावी भोगली जाते, शिक्षा म्हणून नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी प्रथमच समाजसेवेची शिक्षा आणली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी आणि ती वस्तू परत केलेली, असा एक प्रकार त्यात आहे. पण जो माणूस खटला उभा राहण्याआधीच दोन महिने आत काढून आला, त्याला या तरतुदीचा उपयोग फार थोडा.

ब्रिटनमध्ये मात्र आता दिशा ठरली आहे. स्कॉटलंडने २०११ मध्ये तीन महिन्यांपर्यंतच्या आणि २०१९ मध्ये बारा महिन्यांपर्यंतच्या कैदेविरुद्ध कायद्यातच झुकते माप दिले, म्हणजे अन्य कोणतीही शिक्षा योग्य नसेल तरच अशी कैद द्यायची. इंग्लंड आणि वेल्ससाठी माजी न्यायमंत्री डेव्हिड गॉक यांच्या समितीने मे २०२५ मध्ये अशाच दिशेची शिफारस केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत विधेयक मांडले गेले. बारा महिन्यांपर्यंतची कैद सर्वसाधारणपणे निलंबित ठेवावी, मात्र एखाद्या व्यक्तीला इजा होण्याचा मोठा धोका असेल, न्यायालयाचा आदेश मोडलेला असेल किंवा परिस्थिती अपवादात्मक असेल तर ती प्रत्यक्ष भोगायला लावावी, असे त्याचे सूत्र आहे.

यातून पुढच्या काही वर्षांत एक गंमत होणार आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. ज्यांची कैद निलंबित होईल ती तुलनेने कमी धोक्याची माणसे असतील, आणि तरीही आत जातील ती आदेश मोडणारी, धमक्या देणारी, सर्वांत अवघड माणसे असतील. साहजिकच लहान कैद भोगून सुटणाऱ्यांची तुकडी लहान होईल आणि तिच्यातले पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ६० वरून खाली येण्याऐवजी वर चढण्याची शक्यता अधिक. त्या दिवशी मथळे येतील की सुधारणा फसली. तेव्हा त्या आकड्याच्या शेजारी निलंबित शिक्षा झालेल्यांचा आकडा आहे का, आणि दोन्ही तुकड्या मिळून एकूण गुन्हे किती झाले, एवढे दोनच प्रश्न विचारा.