मॉनिटर आधी ठरवा: गेमिंगच्या पडद्याविषयी एक व्याख्यान

(तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयाच्या सभागृहात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सन्माननीय अध्यक्ष, वाचनालयाचे पदाधिकारी, पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो,

कापसाचा चुकारा हाती आला की आपल्याकडच्या अनेक घरांत संगणकाची गोष्ट निघते. मुलाला अभ्यासासाठी हवा असतो आणि खेळण्यासाठीही हवा असतो; त्यात लपवण्यासारखे काही नाही. मग हिशेब मांडला जातो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांवर सगळा विचार खर्ची पडतो आणि शेवटी जे पाच-सहा हजार उरतात त्यांत जो मिळेल तो मॉनिटर घरी येतो. हा क्रम उलटा आहे, हेच मला आज सांगायचे आहे. रॅम पुढच्या वर्षी वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी बदलता येते, पण मॉनिटर जसा घेतला तसाच शेवटपर्यंत राहतो, आणि तो बहुधा एका संगणकाला पुरून दुसऱ्यालाही साथ देतो. शिवाय आपल्या गावातून चुकीची वस्तू परत करायची म्हणजे अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. म्हणून मॉनिटर आधी ठरवावा आणि बाकीचा संगणक त्याच्याभोवती जुळवावा.

खेळासाठी सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे रिफ्रेश रेट, अर्थात पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा. साधा मॉनिटर 60 हर्ट्झचा असतो, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी एक नवे चित्र. 144 हर्ट्झवर हेच अंतर 6.9 मिलिसेकंदांवर येते, 240 वर 4.2 आणि 360 वर 2.8. या आकड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. 60 वरून 144 वर गेल्यावर जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, 144 वरून 240 वर गेल्यावर तीनही वाचत नाहीत, आणि त्यापुढे तर दीडच्या आतच. पहिली पायरी कोणालाही डोळ्यांनी दिसते, अगदी कधीही न खेळणाऱ्या आईलासुद्धा. पुढच्या पायऱ्यांसाठी हात आणि डोळा दोन्ही तयार लागतात. माझे मत स्पष्ट आहे: 144 ते 180 हर्ट्झ या टप्प्यात थांबावे आणि वाचलेला पैसा इतर गोष्टींवर लावावा.

हर्ट्झ वाढल्याने फक्त हालचाल सलग दिसते असे नाही, चित्र स्पष्टही होते. आपल्यापैकी ज्येष्ठांना जुन्या पेटीसारख्या सीआरटी मॉनिटरची आठवण असेल. त्यात प्रत्येक चित्र क्षणभर चमकून विझत असे, त्यामुळे हलणारी वस्तू धारदार दिसे. आजचा एलसीडी पडदा पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र तसेच धरून ठेवतो, पण आपला डोळा मात्र वस्तूच्या मागे सरकत राहतो. चित्र जागीच आणि नजर पुढे, म्हणून कडा पुसट होतात. सेकंदाला 960 पिक्सेल (पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका) वेगाने जाणारी वस्तू 60 हर्ट्झवर साधारण 16 पिक्सेल फरफटलेली दिसते, तर 120 वर आठच. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 हे नेमबाजीचे खेळ खेळताना झटकन वळल्यावर कोपऱ्यात उभा असलेला प्रतिस्पर्धी ओळखू येतो की नाही, हे पुष्कळदा इथे ठरते.

आता रिझोल्यूशनकडे, म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलांच्या संख्येकडे वळतो, कारण दुकानात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, 2560 बाय 1440 वर 36.9 लाख, आणि 4के, म्हणजे 3840 बाय 2160 वर 82.9 लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे प्रत्येक नव्या चित्रासाठी, एवढे पिक्सेल ग्राफिक्स कार्डाला रंगवावे लागतात. ज्या कार्डावर एखादा जड खेळ 1080 ला सेकंदाला शंभर फ्रेम देतो, तेच कार्ड 4के ला धापा टाकते. विहिरीला पाणी बेताचे असताना दहा एचपीची मोटर बसवून ओलित वाढत नाही, तसेच कार्ड सत्तर फ्रेम देत असताना 240 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन खेळ सुधारत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मुलाने आपण नेमके कोणते खेळ खेळतो आणि त्यांत आपल्या कार्डावर किती एफपीएस (सेकंदाला फ्रेम) येतात, हे कागदावर लिहून घ्यावे. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ साध्या कार्डावरही 144 च्या वर सहज जातो. मोठ्या कथानकाचे, मोकळ्या जगाचे जे खेळ असतात, ते त्याच यंत्रावर साठ-सत्तरवर रेंगाळतात, आणि अशा खेळांना जास्त हर्ट्झपेक्षा चांगला रंग आणि चांगला काळा अधिक उपयोगी पडतो.

आकार आणि रिझोल्यूशन यांची जोडीही पाहावी. 24 इंचांवर 1080 घेतले तर एका इंचात सुमारे 92 पिक्सेल बसतात आणि दोन फुटांवरून अक्षरे नीट दिसतात. तेच 1080 जर 27 इंचांवर ताणले तर इंचामागे 82 पिक्सेल उरतात आणि अभ्यासाची अक्षरे फुटल्यासारखी दिसू लागतात. 27 इंच घ्यायचाच असेल तर 1440 घ्यावा. तिथे इंचामागे 109 पिक्सेल मिळतात. पहिला मॉनिटर घेणाऱ्या घराला मी 24 इंच, 1080, आयपीएस पॅनल (पॅनलच्या जातींविषयी पुढे सांगतो) आणि 144 ते 180 हर्ट्झ, एवढेच सुचवतो. दहा-बारा हजारांच्या आसपास असे मॉनिटर आता मिळतात, आणि साधारण ग्राफिक्स कार्डाला ते पेलतात.

कार्ड देते ती फ्रेमची संख्या कधीही स्थिर नसते. मोकळ्या मैदानात 120, धुराच्या ढगात 70. पडदा मात्र आपल्या ठरलेल्या ठेक्यावर चालतो. दोघांचा मेळ चुकला की वरचे अर्धे चित्र जुने आणि खालचे नवे असे दिसते. त्यालाच टेअरिंग म्हणतात. यावर उपाय म्हणजे पडद्यानेच आपला ठेका कार्डाप्रमाणे बदलायचा. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2013 मध्ये जी-सिंक नावाने ही सोय जाहीर केली, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचे वेगळे सर्किट लागे आणि किंमत वाढे. 2014 मध्ये व्हेसा या संस्थेने हीच सोय डिस्प्लेपोर्ट या मॉनिटरच्या जोडणीच्या मानकात घातली, त्यावर आधारलेले एएमडी या दुसऱ्या कार्ड-कंपनीचे फ्रीसिंक 2015 मध्ये बाजारात आले, आणि जानेवारी 2019 पासून एनव्हिडियाच्या कार्डांवरही अशा मॉनिटरची ही सोय चालू लागली. त्यामुळे आज ही सोय स्वस्त मॉनिटरमध्येही असते. खोक्यावर फ्रीसिंक लिहिलेले आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नये; ती किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालते, ही कक्षा विचारावी. 48 ते 144 अशी कक्षा असेल तर फ्रेम 48 च्या खाली घसरल्यावरही मॉनिटर एकच फ्रेम दोनदा दाखवून वेळ निभावू शकतो. 48 ते 75 अशी तोकडी कक्षा असेल तर दुप्पट करायला जागाच उरत नाही आणि ऐन गर्दीच्या क्षणी चित्र पुन्हा अडखळते.

पॅनलच्या जाती मुख्यतः तीन: टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन वेगवान आणि स्वस्त, पण बाजूने पाहिले की रंग बदलतात. आपल्या घरांत एक जण खेळतो आणि तीन भावंडे बाजूला बसून पाहतात, तेव्हा टीएनचा विचार सोडून द्यावा. व्हीएचा काळा खरोखर काळा असतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागांचे प्रमाण, तीन हजारास एक किंवा अधिक, तर आयपीएसचा साधारण हजारास एक. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यातून करड्यात जाताना पिक्सेल सुस्तावतात आणि अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काळपट डाग ओढला जातो. पिक्सेलमधले द्रव स्फटिक थंडीत आणखी मंद होतात, त्यामुळे पौष महिन्यातल्या सकाळी, खोली दहा अंशांच्या आसपास असताना, तोच डाग अधिक जाणवतो आणि मॉनिटर तापल्यावर कमी होतो. आयपीएसमध्ये हा त्रास कमी, कोनही चांगला, पण अंधाऱ्या खोलीत काळ्या चित्राच्या कोपऱ्यांत फिकट झळाळी दिसते. आपल्या घरातली पुढची खोली दिवसभर दार उघडे ठेवून वापरली जाते, तिथे उजेड भरपूर असतो. तिथे ही झळाळी दिसतही नाही, आणि 300 निट्सच्या (निट हे चमक मोजण्याचे एकक) आसपासची चमक व चकाकी नसलेला पृष्ठभाग मात्र उपयोगी पडतो. ओलेड पॅनल या सगळ्यांहून देखणे आहे, पण एकाच जागी तासन्‌तास राहणारी चिन्हे त्यावर कायमची उमटू शकतात आणि किंमतही पहिल्या मॉनिटरच्या आवाक्याबाहेर आहे.

पिक्सेलला रंग बदलायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या खोक्यावरच्या “1 मिलिसेकंद” या आकड्यावर विसंबू नये. तो बहुधा पिक्सेलला ओव्हरड्राइव्ह या सोयीने सर्वांत जोराने ढकलल्यावर मोजलेला असतो, आणि तेवढ्या जोराने ढकलले की पिक्सेल आपल्या जागेच्या पुढे जाऊन परत येतो, तेव्हा वस्तूमागे उजळ सावली दिसते. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्हचे तीन-चार टप्पे असतात. मधला टप्पा ठेवावा. एचडीआर म्हणजे उजळ आणि काळोखे भाग एकाच चित्रात ठळक दाखवण्याची सोय. तिच्या एचडीआर 400 या पाटीचेही असेच आहे: त्या पातळीला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे उजळ-मंद करण्याची अट नसते, आणि त्याशिवाय एचडीआरचा खरा परिणाम साधत नाही. वक्र पडदा 24 इंचांत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

घरात 43 इंची टीव्ही असताना वेगळा मॉनिटर कशाला, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात, आणि तो योग्य प्रश्न आहे. टीव्ही आलेल्या चित्रावर बरेच संस्कार करतो आणि त्यात वेळ जातो. गेम मोड लावला तर तो उशीर बराच कमी होतो, पण साधा टीव्ही 60 हर्ट्झचाच राहतो. सावकाशीने खेळायच्या खेळांना टीव्ही चालतो. नेमबाजीचे खेळ आणि रोजचे टायपिंग यांसाठी मात्र हाताच्या अंतरावर टेबलावर ठेवलेला 24 इंचांचा मॉनिटरच हवा, आणि घरातल्या मालिकेच्या वेळेचा वादही त्यामुळे टळतो.

एवढे सगळे नीट निवडूनही वाया जाते ते एका केबलमुळे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा 144 हर्ट्झचा मॉनिटर कित्येक महिने 60 वरच चालत असतो. संगणकाच्या मागे पाहावे: केबल वर मदरबोर्डच्या उभ्या पट्टीतल्या खाचेत खोचली आहे की खाली ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीतल्या खाचेत, हे आधी तपासावे; ती कार्डालाच जोडलेली हवी. शक्य तिथे डिस्प्लेपोर्टची केबल वापरावी, कारण जुन्या एचडीएमआय 1.4 जोडणीवर 1080 ला साधारण 120 हर्ट्झपर्यंतच मजल जाते. त्यानंतर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असे आत जाऊन रिफ्रेश रेटच्या चौकटीत 144 निवडावे. पुष्कळदा ती चौकट 60 वरच उभी असते आणि आपोआप बदलत नाही. बदल केल्यावर माउसचा बाण गोल फिरवून पाहा. फरक त्याच क्षणी दिसतो.

आणखी एक स्पष्ट सांगितले पाहिजे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळताना पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांवर गेला आणि गोळी लागूनही लागली नाही, तर तो दोष मॉनिटरचा नाही. पडदा तुमच्या यंत्रातला उशीर कमी करतो, टॉवरपासून सर्व्हरपर्यंतचा नाही. गावात फायबरची जोडणी मिळत असेल तर महागड्या मॉनिटरआधी ती घ्यावी आणि राउटरपासून संगणकापर्यंत तार टाकावी.

आपल्या हवेचाही विचार करा. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान 40 अंश दिलेले असते आणि मे महिन्यात विदर्भात बाहेरचा पारा 45 च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता चमक कमी ठेवावी, मागच्या जाळीला भिंत चिकटू देऊ नये, आणि कूलरचा ओला झोत थेट पडद्यावर येणार नाही अशी जागा निवडावी. लाइन जाण्या-येण्याच्या धक्क्यांपासून संगणकाबरोबर मॉनिटरही यूपीएसवर घ्यावा. 24 इंचांचा मॉनिटर साधारण 20 ते 30 वॅटच खातो, त्यामुळे यूपीएसवर फारसा भार येत नाही. घराला अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्यावे. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची तारही काढून ठेवावी, कारण ती तांब्याची असेल तर तिच्यातूनही झटका आत येऊ शकतो.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला दुकानातच मॉनिटर सुरू करायला सांगा. पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे अशी पाच चित्रे मोबाइलमधून नेली तर मेलेला पिक्सेल आणि कोपऱ्यातली झळाळी दोन मिनिटांत कळते. एखादा मेलेला पिक्सेल वॉरंटीत बदलून मिळतो की नाही, याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, ते पैसे देण्यापूर्वी विचारावेत. ऑनलाइन मागवत असाल तर खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा, परतीची मुदत संपण्याआधी रोज दोन-तीन तास वापरून पाहा, आणि वॉरंटीसाठी सर्वांत जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे कंपनीच्या दूरध्वनीवर विचारून घ्या. घरी येऊन दुरुस्तीची सोय आपल्या पिनकोडला लागू आहे का, हेही तिथेच विचारा. बिल जपून ठेवा. थर्माकोलसह खोकेही वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, कारण एसटीने नागपूरला मॉनिटर न्यायची वेळ आली तर तो त्याच खोक्यात सुरक्षित जाईल.