सहा तारांचा हट्ट

(दृश्य : कारागिराच्या टेबलावर आडवी ठेवलेली, तारा न चढवलेली बास गिटार. कॅमेरा तिच्या रुंद दांडीवरून हळूहळू पुढे सरकतो.)

ही दांडी पाहिली की सवयीच्या नजरेला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. बास गिटारला चार तारा असतात हे चित्र आपल्या डोळ्यांत इतके पक्के बसले आहे की सहा तारांसाठी रुंद केलेली ही दांडी एखाद्या फळीसारखी भासते. ही रुंदी मात्र हौसेपोटी आलेली नाही. न्यूयॉर्कमधल्या एका वादकाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे हट्ट धरला, एकामागून एक तीन कारागिरांचे उंबरठे झिजवले आणि प्रत्येक वेळी आधीच्या वाद्यात काय राहून गेले होते ते पुढच्या कारागिरासमोर नेमकेपणाने मांडले. त्या वादकाचे नाव अँथनी जॅक्सन.

गोष्ट थोडी मागे न्यावी लागते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला. त्याआधी खर्जाची बाजू सांभाळणारे वाद्य म्हणजे माणसाएवढ्या उंचीचा, उभ्याने वाजवायचा डबल बास. तो प्रवासात न्यायला अवघड होता, ढोल आणि तुताऱ्यांच्या गर्दीत त्याचा आवाज बुडत असे आणि त्यावर सूर नेमका कुठे आहे हे केवळ बोटाला आणि कानाला ठाऊक असावे लागे. फेंडर यांनी दांडीवर फ्रेट बसवले, म्हणजे सतारीवर ज्यांना आपण पडदे म्हणतो ते, आणि त्यामुळे बोट जरासे इकडेतिकडे पडले तरी सूर नेमका लागू लागला. प्रिसिजन हे नाव त्यावरूनच आले. तारा मात्र त्यांनी डबल बासच्याच ठेवल्या, चार, आणि त्याही त्याच सुरांत लावलेल्या.

जॅक्सन यांचा आक्षेप नेमका इथे होता. त्यांचे म्हणणे असे की फेंडर यांच्या डोळ्यांसमोर डबल बासची जागा घेणारे वाद्य होते म्हणून चार तारा आल्या. पण हातांनी जे घडवले ती गिटार होती आणि गिटारच्या कुळातील सर्वांत खर्जाच्या वाद्याला पहिल्यापासून सहा तारा असायला हव्या होत्या. आपल्या कल्पनेतल्या वाद्याला ते कॉन्ट्राबास गिटार म्हणत. हा युक्तिवाद ऐकायला तात्त्विक वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु तो करणारा माणूस तासाच्या हिशोबाने स्टुडिओत वाजवून पोट भरणारा व्यावसायिक होता. १९५२ मध्ये जन्मलेल्या जॅक्सन यांची बासची ओळ ओ'जेज या गायकसमूहाच्या १९७३ सालच्या एका गाजलेल्या गाण्याचा पायाच ठरली आणि त्या गाण्याच्या सहलेखकांत त्यांचे नाव लागले. तेव्हा ते पुरते बावीस वर्षांचेही नव्हते.

सहा तारांचे बास त्यापूर्वी झालेच नव्हते असे नाही. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५६ मध्ये आणि फेंडर कंपनीने १९६१ मध्ये तसे वाद्य विक्रीला आणले होते, पण ती साध्या गिटारचीच सप्तकभर खाली उतरवलेली रूपे होती आणि त्यांची सर्वांत जाड तार नेहमीच्या बासच्या ‘ई’ स्वराखाली जात नव्हती. जॅक्सन यांना हवे होते ते निराळे. नेहमीच्या चार तारा मधोमध जशाच्या तशा, त्यांच्या खाली एक ‘बी’ आणि वर एक ‘सी’, आणि लगतच्या दोन तारांतले अंतर सगळीकडे एकसारखे, म्हणजे सा ते मध्यम एवढे. साध्या गिटारवर हे अंतर एका जागी बदलते आणि बोटांचा नकाशा तिथे मोडतो. या वाद्यावर तो मोडणार नव्हता.

(दृश्य : जाड तार बोटाने छेडली जाते, तिचे कंपन डोळ्यांना स्पष्ट दिसते.)

कागदावर एक तार वाढवणे सोपे असते. बासची ‘ई’ तार सेकंदाला सुमारे ४१.२ वेळा कंप पावते, तर खालची ‘बी’ सुमारे ३०.९ वेळा, आणि पियानोच्या डाव्या टोकाकडून मोजल्यास हा दुसऱ्याच पांढऱ्या पट्टीचा स्वर आहे. तारेची लांबी आणि ताण तोच ठेवून एवढे खाली उतरायचे, तर तिचे प्रत्येक इंचामागचे वजन जवळजवळ पावणेदोन पट करावे लागते. तार जाड झाली की ती लवचीक राहत नाही, एखाद्या सळईसारखी वागू लागते आणि तिचे उपस्वर मूळ स्वराशी फटकून राहतात; ऐकणाऱ्याला तो खर्ज न वाटता नुसती घरघर वाटते. जाडी कमी केली तर ताण सैल पडतो आणि तार फ्रेटवर आपटत राहते. त्यातच १९७० च्या दशकाच्या मध्यावर दुकानात मिळणारे बासच्या तारांचे संच चार तारांचेच असत, म्हणजे वाद्याबरोबर तारेचीही वेगळी सोय लावणे भाग होते.

पहिली मागणी कार्ल थॉमसन यांच्याकडे गेली. वाद्यदुरुस्तीतून वाद्यनिर्मितीकडे वळलेल्या या कारागिरांनी १९७५ मध्ये जॅक्सन यांच्या हाती सहा तारांचा बास दिला. खालच्या ‘बी’पासून वरच्या ‘सी’पर्यंत लावलेला हा पहिला बास मानला जातो. जॅक्सन तो घेऊन गायिका रॉबर्टा फ्लॅक यांच्या दौऱ्यावर गेले, आणि काही काळाने पुन्हा आपल्या चार तारांच्या फेंडरकडे वळले.

ही माघार आम्हाला या साऱ्या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटते, कारण तिचे कारण मिलिमीटरमध्ये सांगता येते. चार तारांच्या बासवर ब्रिजपाशी, म्हणजे घोडीपाशी, दोन तारांत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. तीन मोकळ्या जागा, मिळून ५७ मिलिमीटर. तेच अंतर सहा तारांना द्यायचे तर पाच जागांचे ९५ मिलिमीटर होतात आणि दांडी तळहाताला न पेलणारी वाटू लागते. म्हणून कोणताही समंजस कारागीर तारा जवळ आणतो. पण ज्याच्या उजव्या हाताला १९ मिलिमीटरची सवय आहे, त्याची बोटे जवळ आलेल्या तारांवर अडखळतात, शेजारची तार नकळत छेडली जाते आणि अनेक वर्षांच्या रियाजाने कमावलेला आघात निकामी ठरतो. जॅक्सन यांची तक्रार याच अंतराबद्दल होती. डाव्या हाताला रुंद दांडीचा त्रास झाला तरी चालेल, उजव्या हाताच्या मापात तडजोड नको, असा त्यांचा कौल होता.

मिरजेत तंबोरा घडवून घेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. गाणारा पुरुष की स्त्री, पट्टी कोणती, हे विचारल्याशिवाय तिथला कारागीर भोपळाही निवडत नाही. फरक इतकाच की तिथे मापे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वादक आणि कारागीर दोघेही चाचपडत होते.

पुढचे पाऊल केन स्मिथ यांच्याबरोबर पडले. स्मिथ स्वतः बासवादक होते, त्यामुळे उजव्या हाताची तक्रार त्यांना वादकाच्या बाजूने कळत होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक्सन यांना मोकळ्या अंतराचे सहा तारांचे वाद्य मिळाले आणि त्यानंतर त्यांनी चार तारांचा बास जवळजवळ बाजूलाच ठेवला.

(दृश्य : रंध्याने निघणाऱ्या पातळ साली, शिकंज्यात आवळलेल्या तीन रंगांच्या लाकडी पट्ट्या.)

स्मिथ यांच्या कारखान्यात काम केलेल्या विनी फोडेरा यांनी जोई लॉरिसेला यांच्यासह १९८३ मध्ये ब्रुकलिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला, आणि जॅक्सन यांचा हट्ट तिथे मुक्कामाला आला. प्रश्न आता लांबीचा होता. फेंडर यांनी घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकापर्यंत मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच ठरवली होती आणि बहुतेक सगळे तेच माप पाळत होते. जॅक्सन यांच्या वाद्यासाठी ती ३६ इंचांपर्यंत नेण्यात आली. तीच तार त्याच सुराला लावली असता दोन इंचांच्या वाढीने तिचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. तार जाड न करता घट्ट होते आणि ‘बी’ची घरघर जाऊन तिथे स्वर उभा राहतो. याची किंमत डाव्या हाताने मोजायची असते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंचांच्या बासवर साधारण १३० मिलिमीटर भरते, ते ३६ इंचांवर १३७ होते. सात मिलिमीटर म्हणजे फार नव्हे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी करंगळी तेवढी जास्त ताणून तासभर ठेवून पाहावी.

दांडी लांब झाली, तारा वाढल्या, आणि सहा तारांचा एकत्रित ओढा शंभर किलोच्या वर गेला. हा ओढा दांडीला सतत पुढे वाकवू पाहतो. म्हणून ती एकसंध लाकडातून न कापता मेपलसारख्या कठीण लाकडाच्या पट्ट्या रेषांची दिशा आलटूनपालटून एकमेकींना चिकटवतात आणि आतून पोलादी सळई घालतात. एवढे करूनही एक सूक्ष्म दोष उरतो. दांडी स्वतःच कंप पावते, आणि तिचा कंप एखाद्या स्वराशी जुळला तर त्या स्वराची ताकद ती शोषून घेते. वादकाच्या भाषेत तो स्वर ‘मरतो’. १९८९ मध्ये फोडेरा यांनी जॅक्सन यांच्यासाठी जो आकार घडवला, त्यात गिटारच्या अंगाचा वरचा भाग खाच न ठेवता दांडीला थेट बाराव्या फ्रेटच्या आसपासपर्यंत बिलगत नेला होता. दांडीचा अधांतरी भाग त्याने कमी झाला. आज जगभर अनेक कारागीर असे एकाच बाजूने खाच दिलेले बास करतात, आणि ते घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो आकार केवळ देखणा वाटतो.

देखणेपणाला आमचा विरोध नाही. याच कारखान्याचे बासवादक व्हिक्टर वूटेन यांच्यासाठीचे यिन-यांग बास पाहणाऱ्याला रंगवलेले वाटतात, प्रत्यक्षात काळ्या आणि पांढऱ्या नैसर्गिक लाकडाचे दोन वळणदार तुकडे त्यांत एकमेकांत चपखल बसवलेले असतात. हे कौशल्य असामान्य आहे. पण बास घडवून घेणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकाची यादी बहुधा इथूनच सुरू होते, लाकडाच्या रंगापासून आणि शिंपल्याच्या नक्षीपासून, आणि तारांमधले अंतर, दांडीच्या पाठीची गोलाई, मांडीवर ठेवल्यावर वाद्य कुठल्या टोकाकडे कलते, या गोष्टी कारागिरालाच खोदून खोदून विचाराव्या लागतात. चांगला कारागीर विसार घेण्याआधी गिऱ्हाइकाचे सध्याचे वाद्य मागतो आणि त्याचे फ्रेट कुठे झिजले आहेत ते पाहतो. ती झीज यादीपेक्षा खरे बोलते.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर त्यात आपलाही एक धागा आहे. फिंगरबोर्डसाठी, म्हणजे दांडीवरच्या ज्या पट्टीत फ्रेट बसवतात तिच्यासाठी, पूर्वी ब्राझीलची रोजवूड वापरत; १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली आणि कारागिरांची नजर अधिकच सह्याद्रीत व दक्षिण भारतात वाढणाऱ्या शिसवीकडे वळली. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या कुळातील सगळ्याच जातींवर सीमापार व्यापाराचे निर्बंध आले, आणि एकेका घडवून घेतलेल्या गिटारसाठीही परवान्याचे कागद रंगवावे लागू लागले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. ब्राझीलच्या रोजवूडला मात्र ती सूट मिळालेली नाही.

(दृश्य : उघडलेल्या बास गिटारच्या पोटातील बॅटरी, तारा आणि सर्किट.)

उरला प्रश्न विजेचा. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडच्या वर्तुळातून अलेम्बिक ही कंपनी उभी राहिली आणि १९७२ मध्ये तिने जेफरसन एअरप्लेन या बँडचे बासवादक जॅक कॅसडी यांच्यासाठी आपला पहिला बास घडवला. तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या साध्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि असा पिकअप लांब केबलला जोडला की स्वराची धार वाटेतच बोथट होते. अलेम्बिकने वेढे कमी केले आणि त्यामुळे क्षीण झालेला संकेत वाद्याच्या पोटातच बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटने वाढवला. आज आपण ज्याला ॲक्टिव्ह बास म्हणतो त्याचे हे आरंभीचे घर. कॅसडी हे जॅक्सन यांच्या आवडत्या वादकांपैकी एक, तेव्हा जॅक्सन यांच्या वाद्यातही बटणांची रांग असेल असे कुणालाही वाटेल.

त्यांच्या फोडेरावर एकही बटण नाही. एकच पिकअप, आणि त्यातून निघालेली वायर थेट केबलच्या खाचेत जाते. आवाज कमीजास्त करायचा तो पायाखालच्या पेडलने, आणि स्वराचा रंग बदलायचा तो उजव्या हाताची जागा बदलून, अंगठ्याने, बोटांनी किंवा पिकने, म्हणजे नखीने. ते वाजवायचेही खुर्चीवर बसून. मोठ्या नामांकित गायकांच्या दौऱ्यांतही त्यांनी हा नियम सोडला नाही. रुंद, लांब दांडी मांडीवर तिरकी टेकली की डावे मनगट सरळ राहते आणि ते सात मिलिमीटर बोटांना गाठता येतात. त्यामुळे जुन्या चित्रफितींत त्यांना शोधायचे असेल, तर रंगमंचाच्या पुढच्या झगमगाटात पाहू नये. मागच्या बाजूला, मांडीवर फळीएवढी रुंद दांडी घेऊन, मान किंचित खाली घालून बसलेला माणूस शोधावा.