दार अडतं कुठे?

मघाशी मिनीव्हॅन कुणाकुणाकडे आहे असं विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर झाले. मग दार कुणाचं मध्येच थांबतं, आवाज करतं किंवा लावल्यावर परत उघडतं असं विचारलं, तेव्हाही हात फारसे खाली आले नाहीत. म्हणून आज इंजिन, टायर, मायलेज सगळं बाजूला ठेवून मी फक्त तिच्या सरकत्या दाराबद्दल बोलणार आहे. बावीस वर्षं मी याच भागात गाड्यांच्या दारांवर काम केलं, आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मोटर बिघडण्याआधी बहुतेक वेळा दाराची वाट बिघडलेली असते.

आपण मिशिगनमध्ये बसलो आहोत. नदी ओलांडली की कॅनडातलं विंडसर. क्रायस्लरची पहिली मिनीव्हॅन तिथल्याच कारखान्यातून नोव्हेंबर 1983 मध्ये बाहेर पडली. तिला सरकतं दार एकच होतं, उजव्या बाजूला. डाव्या बाजूला दार मिळायला 1996 चं मॉडेल यावं लागलं. दाराला मोटर बसली तीही 1990 च्या दशकातच, आणि 1999 च्या होंडा ओडिसीत ती दोन्ही बाजूंना मिळू लागली.

तिकडे भारतात 1984 मध्ये मारुती व्हॅन आली. तिचंच नाव पुढे ओम्नी झालं. इथल्या पुष्कळांनी शाळेचा प्रवास त्या सरकत्या दारातूनच केला असेल. ते दार हलक्या हाताने लागतच नसे. धाडकन ओढलं नाही, तर ‘दार नीट लागलं नाही, परत लाव’ म्हणून ड्रायव्हरकाका ओरडत. तो हिसका आपल्या हातात बसला आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी इथे येतात तेव्हा तोच हिसका आपल्या व्हॅनच्या दाराला बसतो. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. म्हणून विमानतळावरून घरी आणताना पहिल्याच दिवशी सांगा: आई, हँडल एकदा ओढून सोडून द्यायचं, दार आपलं आपण जातं.

आता हे आपलं आपण जाणं म्हणजे काय, ते बघू. दार तीन रुळांवर चालतं. एक वर छताशी, एक खाली पायरीशी आणि एक मागच्या काचेखाली गाडीच्या बाहेरच्या अंगाला. तिन्ही ठिकाणी रोलर असतात. पुष्कळ गाड्यांत मोटर मागच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते. तिच्या रिळावर पोलादी केबल गुंडाळली जाते, रहाटावर दोर गुंडाळावा तशी, आणि ती मधल्या रोलरला पुढे-मागे ओढते. दार चौकटीपर्यंत आलं की लॅचमधली, म्हणजे दार पकडून ठेवणाऱ्या कडीतली, वेगळी, छोटी मोटर त्याला शेवटचं थोडं अंतर आत खेचून घट्ट बसवते.

या सगळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला डोळे नाहीत. मोटर नेहमीपेक्षा हळू फिरते आहे का, जास्त जोर लागतो आहे का, आणि दाराच्या पुढच्या कडेची रबरी पट्टी दाबली गेली का, एवढंच तिला कळतं. अडथळा लागला की ती दार उलट फिरवते. तो अडथळा मुलाचा हात आहे की रुळात अडकलेला खडा, हे तिला ठरवता येत नाही. ठरवता येत नाही म्हणूनच ती दोन्ही वेळा मागे फिरते, आणि ते योग्यच आहे.

आमच्या गाडीचं दार एकदा हातभर उघडायचं आणि परत बंद व्हायचं. एका वर्कशॉपमध्ये दाखवलं, तर त्यांनी न उघडताच सांगितलं की मोटर आणि केबल सगळंच बदलावं लागेल. आकडा ऐकून मी घरी आलो आणि टॉर्च घेऊन खाली बसलो. खालच्या रुळाच्या मागच्या कोपऱ्यात सफरचंदाचा रस सांडून वाळला होता आणि त्यात चिवड्यातलं डाळं चिकटून दगड झालं होतं. कोमट पाण्याचं फडकं आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर काम झालं. त्या दारात अजूनही तीच मोटर आहे.

त्यामुळे महिन्यातून एकदा हे करा. डॅशबोर्डवर किंवा वर छतापाशी पॉवर डोअर, म्हणजे दाराची मोटर, बंद करण्याचं मुख्य बटण असतं, ते आधी बंद करा, नाहीतर तुमची बोटं रुळात असताना कुणीतरी खिशातली चावी दाबेल. मग दार हाताने पूर्ण उघडा. खालच्या रुळात व्हॅक्यूम फिरवा, कोपरे ब्रशने खरवडा, ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. मधल्या रुळाकडे कुणी बघत नाही, पण तो बाहेर उघडा असतो आणि रस्त्यावरचं मीठ, वाळू, पानं तिथेच साठतात. आता दार हाताने दोन-तीन वेळा पुढे-मागे करा. हाताला सगळं कळतं. एकाच जागी जड लागलं तर त्या जागी घाण आहे किंवा रूळ दबला आहे. सगळीकडे सारखंच जड लागलं, किंवा दार खाली झुकल्यासारखं वाटलं, तर रोलर झिजले असतील.

डब्ल्यूडी-40 मारून कुरकुर थांबते हे खरं, पण ते जुनं ग्रीस धुऊन काढतं आणि थोड्या दिवसांत दार आधीपेक्षा जास्त ओरडतं. रोलरच्या सांध्यांना आणि लॅचला पांढरं लिथियम ग्रीस लावा, तेही थोडंच. दाराभोवतीच्या रबराला सिलिकॉन स्प्रे लावा. रुळात ग्रीसचा थर देऊ नका, त्यावर वाळू बसते आणि पॉलिश पेपर तयार होतो.

मधल्या रुळातून टकटक किंवा करकर येऊ लागली, तर टॉर्चने केबल बघा. तिची एखादी तार सुटून केसासारखी उभी दिसली, तर त्या दिवसापासून मोटर वापरणं बंद करा आणि दार हाताने चालवा. अशी केबल पुढे रिळावर गुंता करते, आणि मग जे काम केबलवर निभावलं असतं ते मोटरपर्यंत जातं. केबल घरी बदलायचा प्रयत्न मात्र करू नका. ती ताणलेली असते.

काही तक्रारी बिघाडाच्या नसतातच. पेट्रोलचं झाकण डाव्या बाजूला असलेल्या व्हॅनमध्ये ते उघडं असताना डावं दार अडतं, ते मुद्दाम तसं केलेलं आहे. बारा व्होल्टची बॅटरी थकली की दार नुसतं बीप करतं. आणि बॅटरी बदलल्यावर पुष्कळ गाड्यांमध्ये दार एकदा हाताने पूर्ण बंद करावं लागतं, मगच त्याला आपली जागा पुन्हा कळते.

आता हिवाळा. रात्री पाऊस पडून गोठला की रबर चौकटीला चिकटतं आणि लॅचमध्ये बर्फ धरतो. सकाळी शाळेची घाई, आपण बटण दाबत राहतो. हे करू नका. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये टोयोटाने 2011 ते 2016 च्या सिएना मिनीव्हॅन दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, एकट्या अमेरिकेत सात लाखांहून जास्त. कारण काय, तर लॅच गोठण्यासारख्या कारणाने दार अडलं की मोटरच्या सर्किटवर जादा भार येऊन फ्यूज जाऊ शकत होता, आणि त्या क्षणी लॅच सुटलेल्या स्थितीत असेल तर दार धावत्या गाडीत उघडू शकत होतं. तुमची गाडी कोणत्याही कंपनीची असो, आधी मोटर बंद करा, दाराच्या कडेने तळहाताने दाबून बर्फ फोडा, आतून हीटर चालू ठेवा. उकळतं पाणी ओतू नका, ते लॅचमध्ये जाऊन पुन्हा गोठतं. रबराला सिलिकॉन स्प्रे थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच लावून ठेवा.

मुलांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. अडथळा लागला की दार मागे फिरतं, या भरवशावर राहू नका. लॅच दार आत खेचतो त्या शेवटच्या अंतरात हे संरक्षण चालेलच असं नाही, हे मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं. बोट नेमकं तिथेच सापडतं. आणि दार उघडताना मागे सरकतं, म्हणून मागच्या चाकापाशी उभ्या असलेल्या मुलालाही लागू शकतं. मी नातवंडांना ‘हात मांडीवर’ म्हणायला लावतो. ते म्हणाल्याशिवाय बटण दाबत नाही.

रस्त्यात दार लागेनासं झालं, तर गाडी बाजूला घ्या. मुख्य बटण बंद करून दार हाताने लावा, या वेळी जुन्या ओम्नीसारखं जोरात. डॅशबोर्डवरचा दाराचा दिवा विझला का ते बघा आणि बाहेरून हँडल न ओढता दार हलवून बघा. दिवा विझत नसेल तर त्या गाडीतून मुलांना नेऊ नका, कुणालातरी बोलवा. घरी आल्यावर गाडीचा सतरा अक्षरांचा व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाका, म्हणजे तुमची गाडी कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावली आहे का (रिकॉल) ते कळेल. सुरक्षेसाठीच्या रिकॉलची दुरुस्ती डीलर सहसा फुकट करून देतो, गाडी तुम्ही दुसऱ्याकडून विकत घेतलेली असली तरी.