‘विश्वास कमी पडला’ म्हणण्याआधी

आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायला माणसं जमतात. तो बरा झाला नाही की त्यांतलंच कुणीतरी म्हणून जातं, ‘विश्वास कमी पडला.’ आज मी या एकाच वाक्याविषयी बोलणार आहे. दुखण्यानं खचलेल्या माणसाच्या माथी ते अपराध मारतं, आणि पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरूनही नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातला बाप आठवा. झटके येणाऱ्या मुलाला घेऊन तो येशूकडे येतो आणि उघड कबूल करतो, की विश्वास आहे, पण अविश्वासही आहे, त्याचं तुम्हीच काहीतरी करा. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा होतो. आता प्रेषित पौलाकडे या. इफिस शहरात त्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत. तोच पौल ‘शरीरातल्या काट्या’साठी प्रभूला तीनदा विनवतो आणि काटा जागच्या जागी राहतो. हा काटा म्हणजे डोळ्यांचं दुखणं, ताप की विरोधकांचा छळ, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पौलानं सांगितलं नाही हे बरंच झालं. कुणालाही तिथं आपलं दुखणं ठेवता येतं. पुढे आपला सोबती त्रफिम याला त्यानं मिलेत शहरात आजारी सोडलं, आणि दुसरा सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. विश्वासाच्या मापानं आरोग्य मिळत असतं, तर प्रेषिताच्या सोबत्यांना तरी ते मिळायला हवं होतं.

इथं याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायाचा दाखला हमखास पुढे येतो: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. पण तो उतारा आधीपासून वाचा. दुखणाइतानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून प्रार्थना करावी, अशी तिथली रीत आहे. म्हणजे ती विश्वासाची प्रार्थना वडिलांनी करायची आहे. तिचं अपयश आजाऱ्याच्या खात्यावर टाकायला याकोब काही जागा ठेवत नाही.

मग पौलाला उत्तर मिळालं की नाही? मिळालं. ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ हे उत्तर नकाराचं आहे, आणि ते नकार म्हणूनच ऐकावं. ‘देवानं याहून चांगलं काही दिलं’ अशी घाईनं सारवासारव केली की आजाऱ्याला रडायलाही जागा उरत नाही. पौलाला स्वतःला त्या अशक्तपणाचा अर्थ लागला. तो दुसऱ्यानं त्याच्यावर लादला नव्हता.

मरणाच्या आदल्या रात्री येशूनं गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचे दोन भाग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पष्ट मागणं: हा दुःखाचा प्याला टळो. मग, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपल्याकडे बरेच जण पहिला भाग गाळूनच प्रार्थना करतात. ते नम्र दिसतं, पण त्यामागे पुष्कळदा भीती असते, की मागितलं आणि मिळालं नाही तर? उलट काही जण दुसरा भाग विसरतात आणि देवाला तारीख नेमून देतात. अमुक दिवसापर्यंत गाठ विरघळेल, असं आजाऱ्याला सांगण्याचा अधिकार प्रार्थना करणाऱ्याला नसतो.

उशाशी बसलात तर प्रार्थना थोडक्यात करा, दोन-तीन मिनिटं पुरतात. दुखण्याचं नाव घ्या, काय हवं ते मागा: आज रात्री झोप लागो, उलट्या थांबोत, बरं कर. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. शब्द सुचत नसतील तर बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र वाचा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातच ‘किती वेळ?’ अशी आहे. माणूस फारच खचला असेल तर ८८ वं. ते अंधारातच संपतं, तरी स्तोत्रसंहितेतून ते कुणी वगळलं नाही.

राहिली औषधांची गोष्ट. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्यानं रडून प्रार्थना केली आणि त्याला आणखी १५ वर्षं मिळाली, असं बायबलातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा अध्याय २० सांगतो. त्याच अध्यायात, उत्तर येऊन गेल्यावर, यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. गोळ्या बंद करून विश्वास दाखवा, असं कुणी सांगायला आलं तर त्याला हा अध्याय मोठ्यानं वाचायला लावा, लेपापर्यंत.